रसद तोडणारी लढाई : शरीर, जंतू आणि लोह



मराठी मुलखापासून दूर राहूनही साठ वर्षे मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्या शाळेच्या हीरक महोत्सवात विज्ञानाचाच एखादा विषय मांडला जावा, हे उचितच होय. आजचा विषय प्रत्येकाच्या रक्तात चाललेल्या एका लढाईचा आहे. या लढाईत शस्त्रांइतकेच रसदीला महत्त्व आहे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसणाऱ्या आईवडिलांना तिचे मर्म ठाऊक असणे हिताचे आहे.

प्रारंभ कोंबडीच्या अंड्यापासून करू. खुडूक कोंबडी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. तिच्या अंगाची ऊब जंतूंना मानवणारी असते, कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि आत प्रथिनांनी भरलेला ओलसर पांढरा बलक असतो. जंतूंना याहून सुखाचे घर कोणते? तरीही उबवणीला ठेवलेली बहुतेक अंडी नासत नाहीत, त्यांतून पिले बाहेर पडतात. आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या अमेरिकन संशोधकांनी १९४४ मध्ये या कोड्याच्या उत्तराचा एक मोठा भाग शोधून काढला. कच्च्या पांढऱ्या बलकात आमांशाचे जंतू वाढत नाहीत, हे त्यांना दिसले होते. बलकात कशाची उणीव आहे हे पाहण्यासाठी त्यांनी ३१ मूलद्रव्ये तपासली. त्यांपैकी केवळ लोहाने जंतूंची खुंटलेली वाढ पुन्हा सुरू झाली. पांढऱ्या बलकातील एक प्रथिन लोहाला इतके घट्ट धरून ठेवते, की जंतूंच्या वाट्याला ते येतच नाही. अंड्यातील लोह जवळजवळ सगळे पिवळ्या बलकात, वाढत्या पिलासाठी राखलेले असते. त्याच्या भोवतीचा पांढरा बलक म्हणजे जणू पाणी नसलेला वाळवंटी पट्टा. तो ओलांडता ओलांडताच जंतू थकतात. दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, याच दोघांनी माणसाच्या रक्तद्रवातही तसेच लोह धरणारे प्रथिन असल्याचे दाखवले. आज ते ट्रान्सफेरिन या नावाने ओळखले जाते.

जंतूंना धातू कशाला हवेत, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. सजीवांच्या पेशीतील असंख्य विकरांच्या गाभ्यात धातूचा एखादा अणू बसवलेला असतो. श्वसनाच्या साखळीला लोह लागते. गुणसूत्रांची नवी प्रत काढण्यासाठी लागणारा कच्चा माल बनवणाऱ्या विकरालाही बहुधा लोहच लागते. प्राणवायूच्या घातक रूपांपासून बचाव करण्यासाठी मँगेनीज उपयोगी पडते, तर शेकडो प्रथिनांचा आकार जस्तामुळे टिकून राहतो. जंतू साखर बनवू शकतो, अमिनो आम्ले बनवू शकतो, पण धातू बनवू शकत नाही. तो त्याला बाहेरूनच मिळवावा लागतो. आणि शरीरात शिरलेल्या जंतूपुढे ‘बाहेर’ म्हणजे आपले शरीरच.

रसद तुटल्यावर सैन्याचे काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतच्या रणात उतरली, ती उपाशी पोटी. त्याआधी कित्येक आठवडे छावणीचे धान्य आणि वैरण अब्दालीने तोडली होती. मुघल फौजांच्या पुरवठ्यावर घाला घालण्याचा हाच डाव मराठ्यांनीही गनिमी काव्यात वारंवार वापरला होता. शरीर जंतूंशी नेमका हाच डाव खेळते. यूजीन वाइनबर्ग यांनी १९७५ मध्ये ‘न्यूट्रिशनल इम्युनिटी’ या नावाने त्याची सविस्तर मांडणी केली. मराठीत त्याला ‘पोषणरोधी प्रतिकार’ म्हणता येईल. त्यात जंतूला मारण्याऐवजी त्याचे पोषण रोखून धरले जाते.

या डावाची मांडणी शरीराने थरांथरांनी केली आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते, एखाद्या मध्यम खिळ्याइतके. त्यातील सुमारे दोन तृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये बंदिस्त असते. उरलेल्यापैकी बरेचसे यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील पेशींत फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या कोठारात साठवलेले असते. रक्तातून वाहणारे लोह एका वेळी जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम, आणि तेही ट्रान्सफेरिनच्या मुठीत. या प्रथिनाच्या लोह धरण्याच्या जागांपैकी एरवी एक तृतीयांशच भरलेल्या असतात. त्यामुळे चुकूनमाकून सुटलेला अणू टिपण्यासाठी रिकाम्या मुठी सदैव तयार असतात. परिणामी रक्तद्रवात मोकळे लोह जवळजवळ नसतेच. रसायनशास्त्राच्या गणिताप्रमाणे लिटरभर रक्तद्रवात सरासरीने एक मोकळा अणूही मिळणे कठीण. शरीरात लोह आहे, पण ते कुलूपबंद आहे.

अश्रू, लाळ, नाकातील स्राव आणि आईचे दूध या वेशीवरच्या जागी लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन पहारा देते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांतील चिकात त्याचे प्रमाण सर्वांत अधिक असते. हे दूध बाळाला पोषण देते आणि त्याच वेळी जंतूंचे पोषण रोखते.

जंतू आत शिरले, की वेढा अधिक आवळला जातो. दाहाचा संदेश पोहोचताच यकृत हेप्सिडिन नावाचे अवघ्या २५ अमिनो आम्लांचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करू लागते. त्याचा शोध एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लागला, आणि त्याची कार्यपद्धती एलिझाबेटा नेमेथ, टॉमस गांझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उलगडली. आतड्याच्या पेशी आणि जुन्या तांबड्या पेशी मोडीत काढणाऱ्या भक्षकपेशी यांना लोह बाहेर सोडण्यासाठी एकच दरवाजा असतो, त्याचे नाव फेरोपोर्टिन. हेप्सिडिन या दरवाजाला चिकटते आणि पेशी तो दरवाजाच आत ओढून नष्ट करते. एरवी भक्षकपेशींकडून रोज वीसेक मिलिग्रॅम लोह रक्तात परत येत असते. तो ओघ आटतो आणि काही तासांतच रक्तातील लोहाची पातळी खाली येते. तापाच्या रुग्णाचे रक्त तपासले असता लोह कमी आढळते, ते पुष्कळदा यामुळे. ती उणीव नसते, तो पहारा असतो.

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. कोट्यवधी वर्षांच्या या चढाओढीत त्यांनी चोरीच्या नाना तऱ्हा शोधल्या आहेत. अनेक जीवाणू सिडेरोफोर नावाचे लहान रेणू बाहेर सोडतात. हे रेणू लोहाला ट्रान्सफेरिनच्याही हातून हिसकावून घेऊ शकतात आणि लुटीसह जीवाणूकडे परततात. ई. कोलायचे एंटरोबॅक्टिन हे त्यांतील सर्वांत बळकट पकडीचे म्हणून प्रसिद्ध आहे. यावर शरीराने सिडेरोकॅलिन हे प्रथिन उभे केले. ते चोराचा हा दूतच वाटेत पकडून ठेवते. मग साल्मोनेलाने आपल्या दूताला साखरेचे रेणू जोडून वेश पालटला, आणि सिडेरोकॅलिनला तो ओळखता येईनासा झाला. मेंदूज्वर व परमा यांच्या जीवाणूंनी तर दूत पाठवण्याची यातायातच टाळली. ते मानवी ट्रान्सफेरिनलाच थेट पकडून त्यातील लोह काढून घेतात. मॅथ्यू बार्बर आणि नेल्स एल्डे यांनी २०१४ मध्ये माणूस व वानरांच्या ट्रान्सफेरिनची तुलना केली. जीवाणू जेथे पकड घेतात नेमका तोच भाग उत्क्रांतीत झपाट्याने बदलत गेल्याचे त्यांना आढळले. कुलूप बदलायचे, चोराने नवी किल्ली करायची, की पुन्हा कुलूप बदलायचे, असा हा सिलसिला आहे. लाइम रोगाच्या बोरेलिया जीवाणूने मात्र वेगळीच युक्ती काढली. त्याने लोहाची गरजच जवळजवळ सोडून दिली आणि तो मँगेनीजवर भागवू लागला.

म्हणूनच शरीराचा वेढा एकट्या लोहापुरता मर्यादित नाही. जखमेवर सर्वप्रथम धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पेशीद्रवातील प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मा वाटा कॅल्प्रोटेक्टिन या एकाच प्रथिनाचा असतो. ते जस्त आणि मँगेनीज यांना धरून ठेवते. एरिक स्कार यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये उंदरांच्या अवयवांतील धातूंचे नकाशे काढले. स्टॅफिलोकोकस जीवाणूंमुळे झालेल्या गळवांत हे दोन्ही धातू जवळजवळ नाहीसे झाल्याचे त्यांना दिसले. भोवतालच्या निरोगी ऊतीत मात्र ते होते. ज्याला पू म्हणून नाक मुरडले जाते, तो अशा कडेकोट वेढ्याचा अवशेष असतो.

भक्षकपेशीने गिळलेल्या जंतूची अवस्था याहून बिकट होते. ज्या कोठडीत तो अडकतो, तिच्या भिंतीवरील एन-रॅम्प-१ नावाचा पंप आतले लोह आणि मँगेनीज बाहेर उपसतो. त्याच कोठडीत तांबे मात्र आत सोडले जाते, कारण अति तांबे जंतूला विषासमान असते. एका धातूवाचून उपासमार आणि दुसऱ्याचा विषप्रयोग, असा हा दुहेरी मारा आहे. तांब्याचा हा गुण घरातही उपयोगी पडतो. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जीवाणू नाहीसे झाल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवले आहे.

या पहाऱ्याचे मोल तो ढिला पडला म्हणजे कळते. शिकागोतील एका संशोधकाचा २००९ मध्ये प्लेगने मृत्यू झाला. तो ज्या जंतूवर काम करीत होता, तो प्रयोगशाळेत वापरला जाणारा दुबळा वाण होता. त्याची लोह मिळवण्याची क्षमता नष्ट झालेली असल्याने तो निरुपद्रवी मानला जात असे. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्या संशोधकाला हीमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक विकार असल्याचे उघड झाले. या विकारात शरीरात लोह साचत जाते. जंतूला लोह हिसकावता येत नव्हते, पण येथे ते उघड्यावरच पडलेले असावे, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी मांडला. शरीरात लोह साचले आहे, याची त्या संशोधकालाही कल्पना नव्हती.

भारताला याहून मोठा धडा २०२१ च्या उन्हाळ्यात मिळाला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’ झालेला रोग पसरला. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक होती. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची ठळक कारणे होती. मधुमेह फार बिघडला, की रक्तात आम्ल साचते. आम्लात ट्रान्सफेरिनची मूठ सैल होते आणि लोह सुटते, आणि या बुरशीला लोहाची हाव असते. अशा रुग्णांच्या रक्तद्रवात ही बुरशी का फोफावते, हे १९८२ मध्येच प्रयोगशाळेत दाखवले गेले होते. लोह हे या आपत्तीचे एकमेव कारण नव्हे. तथापि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे म्हणजे लोहाच्या कोठाराचा दरवाजा लावून घेणेही होय, हे त्यातून स्पष्ट होते.

कधी कधी हा दरवाजा माणूस सद्भावनेनेच उघडतो. क्षयाच्या रुग्णाला घाईने लोह देऊ नये, असे पॅरिसचे वैद्य आर्मां त्रूसो एकोणिसाव्या शतकातच आपल्या विद्यार्थ्यांना बजावीत असत. सोमालियातील भटक्या जमातींमधील लोहाची कमतरता असलेल्या १३७ जणांवरील अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या त्यांच्यात जंतुसंसर्गाचे सात प्रसंग घडले, तर लोह दिलेल्यांत ३६. दबून बसलेले हिवताप, क्षय आणि ब्रुसेलोसिस पुन्हा उफाळले होते. पुढे झांझिबारच्या पेंबा बेटावर, जेथे हिवतापाचा जोर वर्षभर असतो, सुनील सझावल आणि सहकाऱ्यांनी २४ हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास केला. रोज लोह व फॉलिक आम्ल दिलेल्या बालकांत मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १२ टक्क्यांनी अधिक आढळले, म्हणून तेथे लोह देणे मुदतीआधीच थांबवावे लागले. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या बालआरोग्याच्या धोरणांना त्याची दखल घ्यावी लागली.

तथापि त्याच अभ्यासाची दुसरी बाजू ध्यानात घेतल्यावाचून कोणी घाईने मत बनवू नये. पेंबातीलच ज्या बालकांना खरोखर लोहाची कमतरता आणि रक्तक्षय होता, आणि ज्यांच्यावर तपासणी व उपचारांची देखरेख होती, त्यांना लोहाने अपाय न होता लाभच झाला. हिवतापाचा उपद्रव नसलेल्या दक्षिण नेपाळमध्ये त्याच सुमारास झालेल्या अभ्यासात लोहाने बालमृत्यू वाढले नाहीत. दोष लोहाचा नव्हता. कोणाला, कोठे आणि कोणत्या वेळी ते दिले गेले, हा खरा प्रश्न होता.

भारतातील पालकांपुढे हाच प्रश्न रोजचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांना आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या अभावाने मुलांची वाढ आणि अभ्यासातील लक्ष दोन्ही खालावतात, गर्भवतीच्या जिवाला धोका वाढतो. म्हणूनच शासनाच्या कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना ६० मिलिग्रॅमची निळी गोळी दिली जाते. शाळेत मिळणारी ही गोळी निरोगी मुलाने नियमाने घ्यावी. जंतूंच्या भयाने ती नाकारणे म्हणजे चोराच्या धास्तीने घरातच उपाशी राहणे होय.

मात्र त्याच कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत एक अट आहे, आणि तिच्यामागचे शास्त्र आता ध्यानात येईल. ताप, जुलाब, न्यूमोनिया असा तीव्र आजार असताना ही गोळी रोखून धरावी, आणि मूल बरे झाल्यावर पुन्हा सुरू करावी. ज्यांना थॅलेसेमिया आहे किंवा वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांना ती देऊ नये. हिवतापाच्या प्रदेशात लोहाच्या जोडीने हिवतापाचा बंदोबस्तही चालला पाहिजे. तापात केलेल्या रक्ततपासणीत लोह कमी दिसले म्हणून शेजारच्या दुकानातून टॉनिकची बाटली आणू नये. त्याच वेळी फेरिटिन मात्र वाढलेले दिसू शकते, कारण दाहात तेही वर जाते. अशा अहवालाचा अर्थ वैद्यकीय सल्ल्यानेच लावावा, आणि शक्य तर आजार ओसरल्यावर तपासणी पुन्हा करावी.

येथे एक गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. तापात लंघन करावे, असे सांगण्याची रीत घरोघरी होती, आणि शरीरच जंतूंची उपासमार करते हे कळल्यावर ती खरी ठरली असे कोणास वाटेल. पण शरीर रोखते ते जंतूंचे लोह, रुग्णाचे अन्न नव्हे. तापातून उठणाऱ्या मुलाला मऊ भात, वरण, पातळ खिचडी, भरपूर पाणी हे सारे हवेच असते. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तर तापातही थांबवू नये. रोजच्या वरणभातातले लोह आणि बाटलीतले लोह यांत मात्रेचे फार अंतर आहे. जेवणातून एरवी दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅमच शोषले जाते, आणि हेप्सिडिनचा पहारा तेवढ्याला पुरून उरतो.

साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज आईवडील आहेत, काही आजीआजोबाही झाले आहेत. त्यांच्या घरी एखाद्या रात्री मूल तापेल, थर्मामीटरचा आकडा चढेल आणि काहीतरी ताकदीचे द्यावे, असे मनात येईल. त्या वेळी मुलाच्या शरीरात वेढा पडलेला आहे आणि कोठारे कुलूपबंद झालेली आहेत, हे आठवावे. पाणी पाजावे, पचेल ते भरवावे, डॉक्टरांना दाखवावे. लोहाची बाटली मात्र मूल पुन्हा अंगणात खेळू लागेपर्यंत फडताळातच राहू द्यावी.